रे की गं

१२ सप्टेंबर

चि. भाऊजींस आशीर्वाद.

गाडी आपणहून बोलायला लागली आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागतंय. एरवी मी तुम्हाला त्रास दिला नसता. तुम्हाला ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. मोबाइलवर मेसेज करावा, तर तुम्ही नुसता अंगठा पाठवता. मला अंगठा नको, उत्तर हवंय.

गेल्या मंगळवारी चौकात एक गृहस्थ मोबाइलमध्ये डोकं खुपसून थेट गाडीसमोर आले. मी करकचून ब्रेक दाबला, काच खाली केली आणि म्हटलं, "अहो, रस्ता आहे हा!" तेवढ्यात डॅशबोर्डखालून ह्यांचा आवाज आला, "बोल."

ते गृहस्थ निघून गेले. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. गाडी पुढे घ्यायला मला जरा वेळ लागला.

तुम्ही करून दिलेल्या त्या बटणांच्या डब्याबद्दल मी बोलते आहे, हे वेगळं सांगायला नको. स्वरयंत्र काढायच्या आधी ह्यांनी त्यात आपली वाक्यं भरून ठेवली आणि नंतरचे आठ महिने आम्ही त्या डब्यावर काढले. घरात पाटी-पेन्सिल, गाडीत आवाज. नीट भांडायचं असलं की आम्ही खाली जाऊन गाडीत बसत असू. मी बोलायची, ते बटण दाबायचे. "बोल." "हो, हो, ऐकलं." "आलं लक्षात." "चूक त्याची आहे." "खिडकी लाव." "चहा घेऊ या?" एवढ्या सहा वाक्यांत माणूस बायकोशी आठ महिने बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. खरं तर त्याआधीच्या पस्तीस वर्षांतही फार जास्त वाक्यं लागली नव्हती.

ते गेल्यावर मी गाडी शिकले. वर्षभर डबा गप्प होता, कारण बटण दाबणारा नव्हता आणि मी त्याला हात लावत नव्हते. आता कोणी न दाबता तो बोलतो. रस्त्यात मी कोणाला "अहो" म्हटलं की आत उत्तर येतं. मी ह्यांना कधी नावाने हाक मारली नाही. "अहो" हीच हाक. पण आपल्या भाषेत नवऱ्याला अहो, भाजीवाल्याला अहो, शिट्टी वाजवणाऱ्या पोलिसालाही अहोच. परवा त्या पोलिसाला मी म्हटलं, "अहो, सिग्नल हिरवा आहे!" तर आतून, "चूक त्याची आहे." पोलीस वाकून मागच्या सीटवर बघायला लागला.

इथपर्यंत मी चालवून घेतलं असतं. काल दुपारी वॉचमन वर आला. "काकू, तुमच्या गाडीत दुपारचं कोण बसतं?" मी म्हटलं, कोणी नाही. तो म्हणाला, "मग बोलतं कोण?" मी खाली गेले. आमचं पार्किंग तळघरात आहे, भर दुपारीही तिथे दिवा लावल्याशिवाय दिसत नाही. गाडी बंद, दारं बंद, किल्ली माझ्या हातात. मागचे लाल दिवे मात्र लागलेले, भिंत लाल झालेली. मी जवळ गेले आणि आतून आवाज आला, "येतो गं."

हे वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. डब्यावर डाव्या टोकाला सातवं बटण आहे. त्याला चिकटपट्टी लावलेली आहे आणि ह्यांनी ते माझ्यासमोर एकदाही दाबलं नाही. मला वाटायचं ते निकामी आहे.

मी वजनमापं खात्यात जन्म काढला. तराजू खोटा की दुकानदार, हे मला काट्याकडे बघून कळायचं. तेव्हा भुताखेताचं लिहायला मी बसलेली नाही. मला दोनच गोष्टी सांगा. "अहो" ऐकणारा कान तुम्ही त्यात बसवलाय का? आणि बसवला असेल तर मला न विचारता का?

वहिनी


२० सप्टेंबर

ती. वहिनींस सा. न.

पत्र मिळालं. दुकानात तीन टीव्ही उघडे पडलेत, ते तसेच ठेवून उत्तर लिहितोय. अंगठा पाठवत नाही.

वहिनी, डब्याला कान नाहीत. माझ्याच कानांची बोंब, दुसऱ्याला कुठून बसवणार? आत एक चिप, एक स्पीकर आणि सात बटणं. ऐकायची सोय शून्य.

होतंय काय, ते सांगतो. डब्याला वीज मी ब्रेकच्या दिव्याच्या वायरवरून दिलीय. हा दादाचा हट्ट. तो म्हणाला, "चालत्या गाडीत मी बोलणार नाही. ती बडबडत राहते आणि माझं लक्ष जातं. थांबलो की उत्तर देईन." म्हणून ब्रेकवर पाय असेल तरच डबा जिवंत. आता तळघरातल्या ओलीने बटणांच्या पट्ट्या आत चिकटल्या असणार. वीज मिळाली की जी पट्टी चिकटलेली असेल ते वाक्य वाजतं. तुम्ही "अहो" कधी म्हणता? कोणी आडवं आलं की. कोणी आडवं आलं की पाय कुठे जातो? ब्रेकवर. झालं तुमचं भूत.

तळघरात दिवे लागले होते, याचा अर्थ पेडल पूर्ण वर येत नाही. चपलेच्या टोकाने ते वर उचलून बघा, दिवे विझतील.

आता एक दुरुस्ती, आजवर तुमच्याकडून शुद्धलेखनावरून खूप बोलणी खाल्लीत म्हणून मुद्दाम करतो. सातव्या बटणावर "येतो गं" नाही. "येतो रे" आहे. ते भरलं तेव्हा मी समोर बसलो होतो. स्पीकरवर तळहात होता. मला आवाज हातानेच कळतो, तुम्हाला माहीतच आहे. ये, तो, रे, असे तीन ठोके. डब्यात सहा वाक्यं तुमची. सातवं माझं. ऑपरेशन झालं की गाडी घेऊन इकडे यायचं, असं त्याने कबूल केलं होतं. ते काही झालं नाही. त्याचं स्टूल अजून दुकानात आहे, कोणाला बसू देत नाही. गिऱ्हाईक उभं राहतं.

डबा सुकवायचा असेल तर नुसता उघडा ठेवू नका, केसांच्या ड्रायरने लांबून वारा द्या.

तुमचा धाकटा दीर


२७ सप्टेंबर

चि. भाऊजी,

तुम्ही सांगितलंत तशी तपासणी केली. किल्ली लावून, गाडी जागच्या जागी उभी करून, तीन प्रकारे.

ब्रेक न दाबता "अहो" म्हटलं. काही नाही. तळघरात माझाच आवाज मला परत ऐकू आला.

काही न बोलता ब्रेक दाबला. "आलं लक्षात."

ब्रेक दाबून "अहो" म्हटलं. "बोल."

म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे, यंत्र ब्रेकला उत्तर देतं. एवढं मात्र नोंदवून ठेवते की हाकेला त्याने अजून एकदाही विसंगत उत्तर दिलेलं नाही. चिकटलेल्या पट्टीला इतकी अक्कल कुठून आली, हे तुमचं शास्त्र सांगत नाही.

पेडल वर उचललं, दिवे विझले. वॉचमनला सांगितलं, ओलीमुळे होतं ते. तो मान हलवून "हो काकू" म्हणाला आणि त्या दिवसापासून खुर्ची उचलून गेटाबाहेर बसतो.

आता तुमची दुरुस्ती. "गं" आहे. दोन दिवसांपूर्वी ब्रेक दाबल्यावर ते वाक्य पुन्हा वाजलं, काचा बंद असताना, आणि मी कान देऊन ऐकलं. माझे कान शाबूत आहेत. तुमच्या हाताबद्दल मला आदर आहे, पण रे आणि गं यांत हाताला काय कळणार? ह्यांना ऑपरेशनला नेलं त्या सकाळी नर्सने मला व्हरांड्यात थांबायला सांगितलं. ते आत गेले तेव्हा बोलता येत होतं आणि बाहेर आले तेव्हा येत नव्हतं. मधे मला कोणी काही म्हटलं नाही. ते वाक्य कोणासाठी होतं, याची मला तरी शंका नाही.

खरी अडचण पुढे आहे. गाड्यांचं नवं धोरण आलंय. पंधरा वर्षांवरची गाडी ऑक्टोबरअखेरपर्यंत मोडीत काढायच्या केंद्रात नेऊन द्यायची. धोरणाला माझी हरकत नाही. जुनी गाडी धूर ओकते, आणि नियम माझ्यासाठी वेगळा नको. पण वाचून झाल्यावर हसू आलं. गाडी चालू स्थितीत आणावी, पुढचे-मागचे सगळे दिवे लागत असावेत. मरायला जाताना तब्येत ठणठणीत हवी! आणि गाडीला तारेने जोडलेलं कोणतंही उपकरण गाडीबरोबरच जमा होईल.

म्हणजे डबाही दाबयंत्रात.

तुम्ही या आणि तो काढा. दोन दिवसांचं काम आहे. आमच्या घरात खोली आहे, जेवायला मी घालते, आणि दुकानाला कुलूप लावता येतं.

वहिनी


६ ऑक्टोबर

ती. वहिनींस,

माझं येणं होणार नाही. दुकान बंद ठेवता येत नाही.

हाताला काय कळणार, असं लिहिलंत. वहिनी, मी आईचा आवाज हाताने ओळखला, तिच्या पाठीवर डोकं ठेवून. दादाचाही तसाच. शाळेत बाई काय शिकवतायत ते तो मला कसं सांगायचा, माहितीये? माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून हळूहळू बोलायचा. वर्गात पोरं हसायची, पण तो थांबायचा नाही. त्याचं स्वरयंत्र काढलं तेव्हा तुमचं काय गेलं ते मला कळतं. माझं काय गेलं ते तुम्ही कधी विचारलं नाहीत.

डबा काढायला कोणीही गॅरेजवाला चालेल. काढून मला पाठवा. मला एकदा त्याच्यावर हात ठेवायचाय. "रे" आहे, हे मला माहीत आहेच.

दीर


३० ऑक्टोबर

चि. भाऊजी,

तीन आठवडे उत्तर दिलं नाही. कारण लिहिते.

गॅरेजवाल्याला बोलावलं होतं. त्याने डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "हे कसलं लफडं करून ठेवलंय! तोडून टाकतो मावशी, दोन मिनिटांत." पक्कड हातात घेतलेलीच होती. मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, बघू नंतर.

मग मी स्वतःशी ठरवलं की केंद्रात नेईपर्यंत रोज एक चक्कर मारायची. इंजिन चालतं राहायला हवं, हे निमित्त. खरं काय ते लिहिते, कारण लपवलं तर पुढचं तुम्हाला कळणार नाही. मी उत्तरं ऐकायला जात होते. मोकळा रस्ता बघायची, "अहो" म्हणायची आणि ब्रेक दाबायची. आधी दिवसातून एकदा. मग रस्ता संपेपर्यंत. दिवसभरात जे घडलं असेल ते सांगायचं, पाणीपट्टीची लाइन, गुडघा, वरच्या मजल्यावरचा नळ. "हो, हो, ऐकलं." "आलं लक्षात." एकदा मी म्हटलं, "अहो, एकटीला कंटाळा येतो," तर, "चहा घेऊ या?" त्या दिवशी घरी येऊन मी दोन कप चहा टाकला. एक ओतून दिला.

सोळा तारखेला, बाजारामागच्या सरळ रस्त्यावर, समोर काहीही नसताना मी ब्रेक दाबला आणि मागून एक स्कूटर येऊन आदळली. बाई तरुण होती. पडली, गुडघा सोलवटला, हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. मी उतरले. ती उठली आणि जे बोलायचं ते बोलली, त्यातलं काही खोटं नव्हतं.

"काकू, समोर काळं कुत्रंसुद्धा नव्हतं! कशासाठी दाबलात ब्रेक?"

माझ्या मागे गाडीचं दार उघडंच होतं. पेडल पुन्हा अडकलेलं होतं. आतून स्पष्ट, शांत आवाज आला, "चूक त्याची आहे."

ती बाई वळली. रिकाम्या गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आत कोण आहे?" मी म्हटलं, माझे मिस्टर. तोंडातून तसंच निघालं. ती वाकली, आत बघितलं, आणि मग गुडघ्याची तक्रारसुद्धा न करता स्कूटर उचलून चालवत नाही, ढकलत, दुसऱ्या बाजूने निघून गेली. मी तिला हाका मारल्या, दवाखान्यात नेते म्हटलं. तिने मागे वळून बघितलं नाही. दोन दिवस मी त्याच वेळी तिथे उभी राहिले. तिसऱ्या दिवशी भेटली. पट्टी होती, बरी आहे म्हणाली, पण माझ्यापासून चार हात लांब उभी राहून.

त्या रात्री मला कळलं की हा डबा माझ्याजवळ राहता कामा नये. ह्यांच्या आवाजाने मी उद्या कोणाला तरी मारीन. बाकी सगळं सहन होतं, पण त्यावरही त्यांचा आवाज "चूक त्याची आहे" म्हणेल, हे मला चालणार नाही. जिवंतपणी ते असं कधी म्हणाले नसते. गंमत म्हणून भरलेलं वाक्य आहे ते, रिक्षावाल्यांसाठी.

दुसऱ्याच दिवशी गाडी केंद्रात नेली. मोठं आवार, भिंतीला लागून गाड्या उभ्या. एकीचे वायपर कोणीतरी चालूच ठेवले होते, कोरड्या काचेवर ते फिरत होते. खिडकीतला कारकून तिशीचा असेल. डबा बघून म्हणाला, "बाई, हा गाडीला जोडलेला आहे. गाडीबरोबर जाईल."

"परिपत्रकाचं दुसरं पान काढा," मी म्हटलं. "उपकरण म्हणजे विक्रेत्याने किंवा कारखान्याने बसवलेलं, असं लिहिलंय. हा घरी केलेला आहे. दिराने."

त्याने पान काढलं. वाचलं. "असंय का? आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

"वाचायचं असतं."

"बरं, मग काढून घ्या." मी खाली वाकून जोडणी ओढून काढली. त्याने मागे जाऊन दिवे बघितले आणि हात हलवला. "ब्रेकचा दिवा लागत नाही! दिवा लागत नसेल तर गाडी घेता येत नाही."

"अहो, तुम्ही तिचा चुरा करणार आहात."

"चालू स्थितीतल्या गाडीचाच चुरा करतो आम्ही. नियम आहे."

डबा लावून ठेवला तर तो त्यांचा नाही, पण गाडीबरोबर त्याचाही चुरा होणार. काढला तर दिवा लागत नाही, म्हणून गाडी घेणार नाहीत. मी जोडणी परत बसवून गाडी घरी आणली. महिनाअखेरनंतर तीन आठवड्यांची मुदत मागून घेतली आहे. येताना एकदाही "अहो" म्हटलं नाही.

तेव्हा भाऊजी, तुम्ही जिंकलात. डबा तुमच्याकडे येईल. यायला जमत नसेल तर कोणती वायर कुठे जोडायची ते काढून पाठवा. मी जोडीन.

तुमच्या मागच्या पत्रातलं "माझं काय गेलं" हे वाक्य मी बऱ्याचदा वाचलं. विचारायला हवं होतं.

वहिनी


५ नोव्हेंबर

ती. वहिनींस सा. न.

मी जिंकलो वगैरे काही नाही. तुमचं पत्र वाचून त्या दिवशी टीव्हीच्या वायरला डाग द्यायला बसलो तर बोट भाजलं. स्कूटरवाल्या बाईंना काही जास्त झालं असतं तर डबा मी बनवलेला होता.

सोबत चित्र काढून पाठवतोय. डब्यातून दोन तपकिरी वायरी निघतात. एक पेडलकडून येते, एक मागच्या दिव्यांकडे जाते. दोन्ही डब्यातून सोडवा, टोकं सोला, एकमेकींना पिळा आणि वर टेप गुंडाळा. बॅटरीची काळी वायर आधी सुटी करा, विसरू नका. काळी म्हणजे काळी, वहिनी, तुमच्या पिढीला सगळ्याच वायरी सारख्या दिसतात.

का येत नाही ते सांगतो. दुकानाचं निमित्त आहे. दादा "येतो" म्हणून गेला, मग मी तिकडे कसा येऊ? मी तिकडे आलो की तो इकडे येणार नाही, हे पक्कं होऊन बसतं. म्हणून त्याला अग्नी दिला त्या दिवशीही आलो नाही. तुम्ही माझ्याशी तेव्हा बोलला नाहीत, बरोबर होतं.

एक मागणं आहे. डबा गाडीतून काढला की घरात टेबलावर ठेवा. बारा व्होल्टची कुठलीही बॅटरी चालेल, जुन्या इन्व्हर्टरची असेल. चिकटपट्टी काढा आणि सातवं बटण दाबा. खिडक्या बंद करून, पंखा बंद करून. रस्ता नाही, इंजिन नाही, मनात ती सकाळ नाही. तुम्ही माप तपासायचात ना, तसं तपासा. आणि मला लिहा. रे की गं.

जे असेल ते. गोड करू नका. तुम्ही आयुष्यात कधी गोड केलं नाहीत, आता माझ्यासाठी सुरुवात करू नका.

तुमचा दीर


१९ नोव्हेंबर

चि. भाऊजी,

काळी वायर आधी सोडवली. माझ्या पिढीला काळा रंग कळतो.

तपकिरी वायरी जोडल्या. मागे जाऊन बघायला कोणी नव्हतं, म्हणून वॉचमनला बोलावलं. तो पायरीवर उभा राहून ओरडला, "लागले काकू, दोन्ही लागले!" मी पेडल दाबून बसले होते. आत काही वाजलं नाही. "अहो" म्हणायचं मनात नव्हतं, तरी म्हटलं गेलं. वॉचमनला वाटलं त्याला हाक मारली. "बोला काकू," म्हणाला. "बोल" आणि "बोला" यात एका कान्याचा फरक. मी त्याला म्हटलं, काही नाही.

डबा टेबलावर घेतला. केसांचा ड्रायर शेजारणीकडून आणला, तुम्ही सांगितलंत तसा लांबून वारा दिला. एक दिवस तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजची वायरही काढली, तो घुमतो. सातवं बटण दाबलं.

पहिल्यांदा "गं" ऐकू आलं.

पुन्हा दाबलं. पुन्हा "गं." पण मी तपासनीस होते. दुकानदार वजन सांगायचा तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघत नसे, काट्याकडे बघायची. इथे दुकानदार मीच होते. म्हणून मग मुद्दाम मनात "रे" धरलं आणि दाबलं. भाऊजी, "रे" ऐकू आलं. स्पष्ट. तुमच्या दादाचा आवाज, तुमच्यासाठी.

मग कळलं काय होतंय ते. तासभर काहीच धरलं नाही. शेजारच्या मुलीच्या गणिताच्या वहीतली बेरीज करत बसले आणि मधेच, वर न बघता, बटण दाबलं. असं कितीतरी वेळा. आवाज वाढवून, कमी करून, स्पीकरला कान लावून.

"येतो." त्यापुढे शब्द नाही. रे नाही, गं नाही. "तो"नंतर ते श्वास घेतात. घसा दुखत असणार तेव्हा, श्वासाला किंचित धार आहे. मग बटण सुटल्याचा आवाज आणि संपलं. तुमच्या हाताला लागला तो तिसरा ठोका म्हणजे श्वास आहे. तुमचा हात खोटा नाही. माझे कान खोटे नाहीत. दोघांनी आपापलं जोडलं.

पुढे काही म्हणणार होते का, ते मला ठरवता येत नाही. कोणाला म्हणाले, हेही नाही. जाणारा माणूस "जातो" म्हणत नाही, म्हणून "येतो" म्हणाले, की खरोखर येतो असं म्हणाले, हेही डब्यात नाही. जे नाही ते मी लिहिणार नाही.

काल गाडी केंद्रात नेऊन दिली. तोच कारकून होता. ब्रेकचे दिवे बघितले आणि खूश झाला, जणू गाडी विकतच घेणार होता. जाताना रस्त्यात आठ-दहा माणसं आडवी आली. मी सगळ्यांना अहो म्हटलं. कोणी उत्तर दिलं नाही.

डबा पार्सलने पाठवत नाही. पार्सलवाले आपटतात. शनिवारच्या बसने मी स्वतः येते आहे. संध्याकाळपर्यंत पोचेन. तुमच्या दुकानातल्या त्या स्टुलावर मी बसणार आहे, आधीच सांगून ठेवते. गिऱ्हाइकासारखी उभी राहणार नाही. दोन जागी नोंद करून सह्या घेऊ, तोंडी व्यवहार मला चालत नाही.

वहिनी


हस्तांतरणाची नोंद
२३ नोव्हेंबर, दिराचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान

मोडीत काढायच्या केंद्राकडे याआधी जमा: गाडी एक, चालू स्थितीत. किल्ल्या दोन. सुटं चाक. जॅक. मागच्या सीटवरची उशी कारकुनाने परत दिली, ती मी ठेवली आहे.

आज दिराच्या हाती दिलं: बटणांचा डबा एक, कोरडा. सहा बटणांवर सहा वाक्यं, सगळी चालू. "चूक त्याची आहे" हे वाक्य देणाऱ्या व घेणाऱ्या दोघांच्या संमतीने पुसलं. बाकी पाच जशीच्या तशी.

सातवं बटण, चिकटपट्टी काढलेली. घेणाऱ्याने स्पीकरवर तळहात ठेवून तपासलं. देणारीने घेणाऱ्याच्या हातावर हात ठेवून तपासलं. तीन ठोके. पहिले दोन शब्दाचे, तिसरा श्वासाचा. दोघांना मान्य.

त्यात "येतो" आणि एक श्वास आहे. त्यापुढे देणारीने काहीही जोडलेलं नाही. घेणाऱ्यानेही जोडू नये.

देणार: वहिनी
घेणार: दीर